सुगंधाचा धाक

आषाढ लागला कीं कोठीच्या खोलींत एक देखावा हटकून नजरेस पडतो. वैशाखांत टोपल्या भरून घेऊन ठेवलेल्या बटाट्यांना डोळे फुटूं लागतात, कांद्यांतून हिरवी पात डोकावते आणि लसणाच्या पाकळ्याही कोंब काढून बसतात. घरांतील वडीलधाऱ्या बायका रोज थोडे थोडे निवडून ते आधीं संपविण्याच्या खटपटींत असतात. त्याच खोलींत वरच्या फळीवर ओंवा, शहाजिरें, बाळंतशेपा, लवंगा यांच्या बरण्या ओळीनें मांडलेल्या असतात. झांकण उघडतांच ह्या बरण्यांतील जो वास नाकांत शिरतो, त्याच्या अंगीं खालच्या टोपलींतील बटाट्यांचे डोळे दाबून धरण्याचें सामर्थ्य आहे, असें कोणी सांगितलें तर ती थट्टा वाटेल. ती थट्टा नाहीं. युरोपांतील कित्येक गुदामांत आज बटाटे अशाच एका वासाच्या पहाऱ्यांत ठेवले जातात.

या सदरासाठीं आम्हीं यंदा हा विषय घेतला याला एक निमित्त आहे. ओंव्याचें, निलगिरीचें, लवंगेचें तेल बागेंत, शेतांत आणि धान्याच्या डब्यांत वापरण्याचे उपाय हल्लीं घरोघर सांगितले जातात. ते सांगणाऱ्यांची सारी भिस्त 'नैसर्गिक' या एका शब्दावर असते. त्यांतील कांहीं उपाय खरे आहेत, कांहीं अर्धे खरे आहेत, आणि एखादा तर जपून ठेवलेल्या बियाण्याचा नाश करणारा आहे. यांतील भेद ओळखावयाचा तर हीं तेलें काम कशीं करतात, हें थोडें खोलांत जाऊन पाहिलें पाहिजे.

प्रथम 'तेल' या शब्दाचा घोटाळा दूर करूं. तिळाचें, करडईचें, एरंडाचें तेल घाण्यांतून निघतें. त्याचा थेंब कागदावर पडला तर डाग कायमचा राहतो. याला स्थिर तेल म्हणावें. लवंग, ओंवा, गवती चहा किंवा निलगिरी यांचें तेल काढण्यास पाण्याची वाफ पानांतून वा फळांतून नेऊन ती पुन्हां थंड करावी लागते. ह्या तेलाचा डाग कांहीं वेळानें आपोआप उडून जातो आणि वास तेवढा खोलीभर पसरतो. हें उडतें तेल. ओंव्यांत थायमॉल, लवंगेंत युजेनॉल, निलगिरींत सिनिओल, गवती चहांत सिट्रल, अशीं त्यांतील मुख्य द्रव्यांचीं नांवें आहेत. झाडें हीं द्रव्यें आपल्या देवघरासाठीं किंवा औषधाच्या पेटीसाठीं तयार करीत नाहींत, हें उघड आहे. पान कुरतडणारे किडे, बुरशी, चरणारीं जनावरें यांना दूर ठेवण्याच्या कामीं तीं झाडांच्या उपयोगीं पडतात. त्यांचा वास आपणांस आवडला हा आपला लाभ.

हीच द्रव्यें दुसऱ्याच्या बीजाला कशीं नडतात? कोरडें बीज निजलेलें असतें. त्याला वासाचा उपद्रव त्या मानानें थोडा. पण पाणी शोषून तें फुगलें कीं आंतील पेशी जाग्या होतात, श्वसन वाढतें आणि मुळाच्या टोकाशीं पेशींचें विभाजन भराभर सुरू होतें. हा काळ नाजूक. उडत्या तेलाचे कण फार लहान, शिवाय स्निग्ध पदार्थांत सहज विरघळणारे. प्रत्येक पेशीचें आवरण स्निग्धच असल्यामुळें हे कण त्यांत घुसतात व आवरण गळकें करतात. पेशींतील श्वसनाचें काम करणारे जे सूक्ष्म अवयव, त्यांचाही मेळ बिघडवितात. कॅलिफोर्नियांतील एका सुवासिक झुडपाच्या तेलांतील द्रव्यें मोहरीच्या जातीच्या रोपांना देऊन जपानी संशोधकांनीं २००५ सालीं असें दाखविलें कीं, मुळाच्या टोकाशीं पेशींची वाढ आणि नवीन डीएनए तयार होण्याची क्रिया हीं दोन्ही मंदावतात. मात्रा अल्प असली तर बीज नुसतें थबकतें आणि वास निघून गेल्यावर पुन्हां चालूं लागतें. मात्रा मोठी झाली तर तें मरतें. थोपविणें आणि मारणें यांतील हें अंतर वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

एका वनस्पतीचा दुसरीवर असा रासायनिक परिणाम होतो, या गोष्टीला १९३७ सालीं व्हिएन्नाचे वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनीं 'अ‍ॅलेलोपॅथी' हें नांव दिलें. ग्रीक भाषेंतील 'परस्पर' व 'भोगणें' या अर्थांच्या शब्दांची ती जोड आहे. हेच मोलिश १९२८-२९ च्या सुमारास कलकत्त्यास जगदीशचंद्र बसूंच्या संस्थेंत कांहीं महिने राहून गेले होते, म्हणून त्यांच्याविषयीं आम्हांस थोडा अधिक आपलेपणा वाटतो. मोलिश यांचें बरेंचसें काम पिकलेल्या सफरचंदांतून निघणाऱ्या एथिलीन वायूवर होतें. सुगंधी तेलांचा खरा बोलबाला झाला तो त्यांच्यामागून सुमारें पाव शतकानें, आणि तो कॅलिफोर्नियांत.

तेथील किनाऱ्याजवळच्या टेंकड्यांवर दोन सुवासिक झुडपें दाट वाढतात. एक तुळशीच्या कुळांतील साल्व्हिया, आणि दुसरें आर्टेमिसिया, म्हणजे चैत्रांत आपण देवाला वाहतों त्या दवण्याची चुलत बहीण. झुडपांच्या शेजारींच गवताचीं कुरणें आहेत. परंतु झुडपें आणि गवत यांच्यामध्यें एक ते दोन मीटर रुंदीचा उघडाबोडका पट्टा असतो. त्यांत गवताची काडी उगवत नाहीं, आणि पट्ट्याच्या पलीकडचें गवतही कांहीं अंतरापर्यंत खुजें राहतें. विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांत प्रत्येक झुडपाच्या राईभोंवतीं हें पांढरें कडें स्पष्ट दिसतें. सांता बार्बारा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे कॉर्नेलियस म्युलर व त्यांचे सहकारी यांनीं १९६४ सालीं याचा उलगडा प्रसिद्ध केला. झुडपांच्या पानांतून सिनिओल आणि कापूर हीं द्रव्यें वाफेच्या रूपानें निघतात. बंद भांड्यांत ठेवलेल्या पानांच्या नुसत्या वासानें काकडीच्या रोपांचीं मुळें खुंटतात. तेव्हां उघडा पट्टा हें सुगंधाचेंच कृत्य, असा त्यांचा निष्कर्ष होता. कल्पना इतकी मोहक होती कीं ती पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली.

सहा वर्षांनीं, १९७० सालीं, ब्रूस बार्थोलोम्यू यांनीं एक अगदीं साधा प्रयोग केला. त्यांनीं त्या उघड्या पट्ट्यावर कांहीं ठिकाणीं तारेच्या जाळीचे पिंजरे उलटे घातले. वास अडविण्याची जाळीस ताकद नाहीं. ती ससे, उंदीर, पांखरें यांना मात्र अडविते. वर्षाच्या आंत पिंजऱ्याखालीं गवत उगवून आलें! ससे व उंदीर झुडपाच्या आडोशाला राहतात आणि घारीच्या भीतीनें फार दूर न जातां जवळपासचें बीं व कोंब खाऊन टाकतात. त्यामुळें झुडपाला लागून असलेला पट्टा सारखा साफ होत राहतो. वाद यानें संपला नाहीं. बंद भांड्यांतील म्युलर यांचे प्रयोग खोटे ठरले नाहींत, आणि वर सांगितलेलें जपानी काम तर त्यांना पुष्टि देणारेंच आहे. पण भांड्यांत जें घडतें तेंच उघड्या माळावर, वाऱ्यांत, तितक्याच जोरानें घडतें असें धरून चालणें हा घाईचा हिशेब होता, इतकें ठरलें. आमच्या मतें या प्रकरणांत खरें मोल आहे तें त्या जाळीच्या पिंजऱ्याला. अत्तराच्या गोष्टींत उंदीर आणून बसविणें कोणास रुचत नाहीं, पण शास्त्राला असल्या अरसिकपणावांचून गत्यंतर नाहीं.

याची प्रचीति आपल्या अंगणांतही येते. तुळशीच्या पानांत युजेनॉलसारखीं उग्र द्रव्यें आहेत. तुळशीचा अर्क वा तेल बंद बशींत बीजांना दिलें तर तीं अडखळतात. म्हणून वृंदावनांत दुसरें कांहीं उगवूं नये, असा तर्क कोणी लढवील. प्रत्यक्षांत मंजिऱ्या गळल्या कीं पावसाळ्यांत त्याच मातींत तुळशीचीं असंख्य रोपें दाटी करतात आणि त्यांच्याबरोबर आघाडाही येतो. वारा वाहतो आहे तेथें वासाचा धाक फार वेळ टिकत नाहीं. निलगिरीच्या राईखालीं जमीन ओसाड दिसते, तिचाही सारा दोष तेलाला देऊन भागत नाहीं. तेथें झाडांची पाण्याची ओढ, पडलेल्या पानांचा जाड थर आणि त्या पानांतून पावसानें झिरपणारीं इतर द्रव्यें हीं सारींच कारणीभूत असतात.

उघड्यावर जें डळमळतें, तें बंद खोलींत मात्र पक्कें ठरलें आहे. बटाट्यांची गोष्ट येथें येते.

बटाटा हा सजीव कंद आहे. काढणीनंतर कांहीं आठवडे तो निजतो आणि मग त्याला डोळे फुटतात. पेरू आणि बोलिव्हियाचे डोंगराळ मुलखांतले शेतकरी बटाट्यांच्या थरांत 'मुन्या' नांवाच्या, पुदिन्याच्याच कुळांतील एका झुडपाच्या सुवासिक डहाळ्या घालीत आले आहेत. त्यानें कीड दूर राहते आणि डोळेही उशिरां फुटतात, असा त्यांचा अनुभव. युरोपांत गेल्या शतकाच्या मध्यापासून हें काम क्लोरप्रोफाम नांवाच्या रसायनाकडे होतें. तें स्वस्त होतें आणि एकदां दिलें कीं महिनोन्‌महिने पुरत असे. पण त्याच्या बटाट्यांत उरणाऱ्या अंशाविषयीं शंका निघाल्या. युरोपीय संघानें २०१९ सालीं त्याची परवानगी पुढें चालू ठेवण्यास नकार दिला आणि ऑक्टोबर २०२० मध्यें त्याचा वापर तेथें थांबला. मग गुदामवाल्यांना उडत्या तेलांकडे वळणें भाग पडलें. पुदिन्याचें तेल तापवून त्याचें धुकें बंद गुदामांत सोडतात. संत्र्याच्या सालीचें तेलही याच रीतीनें वापरलें जातें. कोंवळा कोंब त्या वाफेनें करपून गळून पडतो. मात्र वाफ विरली कीं कांहीं आठवड्यांनीं दुसरा डोळा उघडतो, म्हणून धुकें पुन्हां पुन्हां द्यावें लागतें, आणि खर्च पूर्वीपेक्षां अधिक येतो. नैसर्गिक उपाय सोपा व स्वस्त असतोच, असें नाहीं.

याच कथेंत एक गमतीचा भाग आहे, तो मुलांना जरूर सांगावा. पुदिन्यांतील मुख्य द्रव्य कार्व्होन. आणि युरोपांत पावांत घालतात त्या शहाजिऱ्यांतील मुख्य द्रव्यही कार्व्होनच. आपल्या बाळंतशेपांतही तें आहे. पण पुदिना आणि बाळंतशेपा यांचा वास एक आहे असें कोण म्हणेल? याचें कारण असें कीं दोन्हीं कण घटकांनीं अगदीं एक असून रचनेनें मात्र डाव्या आणि उजव्या हाताप्रमाणें, आरशांतील प्रतिबिंबाप्रमाणें आहेत. आपल्या नाकाला हा डावा-उजवा फरक कळतो. बटाट्यापुढें मात्र दोघांचाही धाक चालतो. शहाजिऱ्यांतून काढलेलें कार्व्होन १९९० नंतरच्या दशकांत हॉलंडमध्यें याच कामासाठीं बाजारांत आलें होतें. त्याचा विशेष गुण हा कीं योग्य मात्रेंत तें डोळ्यांना मारीत नाहीं, केवळ थोपवितें. वाफ काढून टाकली कीं तेच बटाटे बेण्यासाठीं पेरतां येतात.

आपल्याकडे बटाटे टिकविण्याचा मोठा आधार म्हणजे शीतगृह. तेथें २ ते ४ अंशांवर डोळे फुटत नाहींत खरे, पण थंडीनें बटाट्यांतील पिष्टाची साखर होते. एकादशीच्या किसाला गोडसर चव येते आणि काप तळतांना तांबडेकाळे होतात, त्याचें मूळ बहुधा येथें असतें. गृहिणीच्या हाताला दोष देण्यापूर्वीं घरच्या पुरुषमंडळींनीं हें लक्षांत घ्यावें. तळणीच्या कारखान्यांसाठीं बटाटे म्हणूनच १० ते १२ अंशांवर ठेवतात, आणि तेथें डोळे रोखण्यास कांहीं तरी औषध लागतेंच.

मग आपल्या टोपलींत पुदिन्याच्या जुड्या घालून ठेवाव्या काय? आम्ही म्हणूं, घालूं नयेत. टोपली चोहोंकडून उघडी, त्यामुळें वास उडून जातो. आणि वास कोंडावा म्हणून बटाटे पत्र्याच्या डब्यांत बंद केले तर ते दमटपणानें कुजतात. गुदामांत हवेचा ओलावा, उष्णता आणि तेलाचें प्रमाण हीं तिन्हीं यंत्रानें राखलेलीं असतात; घरीं तीं साधत नाहींत. बटाटे बेताचेच घ्यावे, अंधाऱ्या पण खेळत्या हवेच्या जागीं पसरून ठेवावे, हाच उपाय बरा. उजेडानें हिरवे पडलेले आणि फार कोंब फुटलेले बटाटे मुलांना देऊं नयेत. त्यांतील सोलॅनिन हें विषारी द्रव्य शिजविण्यानें जात नाहीं.

तणांविषयीं थोडक्यांत सांगतों. अमेरिकन कृषिखात्याच्या एका संशोधकानें २००२ सालीं पंचवीस तेलांची परीक्षा घेतली. दालचिनी, लवंग, थाइम व समर सेव्हरी यांचीं तेलें सर्वांत जहाल ठरलीं. शेंकडा ५ ते १० प्रमाणांत फवारल्यावर तणांचे शेंडे एक तासापासून एक दिवसाच्या आंत मेले. चंडीगढच्या पंजाब विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनीं २००५ सालीं लिंबाच्या वासाच्या निलगिरीचें तेल गाजरगवतावर वापरून त्याचें बीं रुजणें रोखलें जातें व वाढलेलीं रोपें सुकतात असें दाखविलें. ज्या गाजरगवताची आपल्या देशांतील नोंद १९५५ सालीं पुण्यास झाली आणि ज्यानें पुढें सारा देश व्यापला, त्याच्यावर उतारा निलगिरींत सांपडावा, ही बातमी मनाला उभारी देणारी आहे. पण हें तेल ज्याला लागतें त्यालाच जाळतें आणि तणाबरोबर भाजीलाही जाळतें. त्याला आप-पर कळत नाहीं. हराळी व लव्हाळा यांच्या जमिनींतील गड्ड्यांना तर त्याचा स्पर्शही होत नाहीं, आणि वर सांगितलेल्या प्रमाणांत एक एकर भिजवावयास जें तेल लागेल त्याची किंमत पिकाला परवडणार नाहीं. परसांतल्या फरशीच्या फटींतील गवतासाठीं हा उपाय ठीक.

शेतांत जीं औषधें टिकलीं, तीं तेलापासून स्फूर्ति घेऊन मनुष्यानें बदलून घडविलेलीं आहेत. बंगल्यांच्या आवारांत लाल कुंच्यांसारख्या फुलांचें बॉटलब्रश नांवाचें झाड असतें. त्याच्याखालीं तण फारसें येत नाहीं, हें १९७७ सालीं कॅलिफोर्नियांतील एका कारखान्याच्या संशोधकाच्या ध्यानांत आलें. त्या झाडांत सांपडलेल्या लेप्टोस्पर्मोन या द्रव्याच्या नमुन्यावर पुढें मेसोट्रायोन हें मक्याच्या शेतांतलें तणनाशक तयार झालें व २००१ सालीं बाजारांत आलें. याला नैसर्गिक म्हणावें कीं कृत्रिम, याचा निवाडा आम्ही वाचकांवरच सोंपवितों.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट, धान्याची. खाण्याच्या धान्याला टोके लागूं नयेत म्हणून डब्यांत लवंगा किंवा कापराची पुरचुंडी ठेवण्याची पुष्कळ घरांत चाल आहे. धान्य खावयाचें असेल तर तें रुजतें कीं नाहीं याच्याशीं आपणांस कर्तव्य नाहीं. परंतु ज्यांचे गांवीं वाडे व शेती आहे आणि बियाणें घरच्याच कणगींत राहतें, त्यांनीं तेथें उडतें तेल घालूं नये. किडा मारण्यास पुरेल इतकी वाफ बंद डब्यांत महिनोन्‌महिने कोंडली तर बियाण्याची रुजण्याची शक्ति कमी होण्याचा धोका असतो, आणि तें पेरल्यावांचून कळत नाहीं. तोंवर मृग निघून गेलेला असतो. राख किंवा वाळविलेला कडुनिंबाचा पाला यांची गोष्ट निराळी. त्यांचें काम अशा कोंडलेल्या वाफेवर चालत नाहीं. तरीही पेरणीपूर्वीं शंभर दाणे ओल्या फडक्यांत बांधून किती रुजतात तें मोजून पाहणें हा आजोबांच्या वेळचा रिवाज मोडूं नये.

ज्यांना हा धाक डोळ्यांनीं पाहावयाचा असेल, त्यांनीं मुलांकडून एक प्रयोग करवावा. कांचेच्या तीन सारख्या बरण्या घ्याव्या. रात्रभर भिजविलेली मटकी ओल्या फडक्यावर प्रत्येकींत वीस दाणे पसरावी. पहिलींत आणखी कांहीं घालूं नये. दुसरींत निलगिरीच्या तेलाचे दोन थेंब घेतलेला कापूस दोऱ्यानें झांकणाला टांगावा. तो दाण्यांना लागूं देऊं नये आणि झांकण घट्ट बसवावें. तिसरींत तसाच कापूस टांगावा, पण तोंडाला केवळ मलमलीचा तुकडा बांधून ती खिडकींत वाऱ्यावर ठेवावी. दोन दिवसांनीं मोड मोजावे व पट्टीनें त्यांची लांबी घ्यावी. मग मटकीच्या जागीं मोहरी घेऊन हाच प्रयोग पुन्हां करावा. लहान दाण्यावर परिणाम बहुधा अधिक दिसतो. तेलाच्या बरण्यांतील मटकी उसळीसाठीं वापरूं नये. निलगिरीचें तेल पोटांत गेलें तर अगदीं थोड्या प्रमाणांतही लहान मुलांना झटके येऊं शकतात, म्हणून बाटली वडील माणसानेंच हाताळावी आणि काम झाल्यावर उंच फळीवर ठेवावी. तिन्ही बरण्यांचीं मापें, तारीख आणि त्या दिवशींची हवा यांसह ज्या घरांतून आमच्याकडे येतील, तीं आम्ही आश्विनाच्या अंकांत एकत्र छापूं.